कडीला लागलेला चेंडू

प्रिय ताई,
इथूनच वाकून नमस्कार.

शाळेतून आल्यावर आपण एकाच बादलीत पाय बुचकळायचो आणि माझ्या घोट्यांवरचा मळ पाहून तू "शी, म्हैस कुठली!" म्हणायचीस, आठवतं? आता माझे हात बघायला हवेस.

काळजी करू नकोस, नात जेवते, शाळेत जाते. पण तिची आई गेल्यापासून ती घरात तोंडच उघडत नाही. उघडते ते बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, म्हणून मीही नेम धरायला शिकतेय.

किळस येते गं! चेंडू शंभर जणांच्या घामाने चिकट, खांबाला चघळलेलं च्युइंगगम, सगळीकडे ओल्या मोज्यांचा वास. आपल्या शाळेतल्या नन सिस्टरांनी शिकवलं तसा मी दोन्ही हातांनी खालून फेकते.

"आज्जी, झाडांना पाणी घालतेस का? कोपर वर घे!" ती खेकसते.

काल चेंडू बास्केटच्या लोखंडी कडीला लागून थेट माझ्या तोंडावर आला. ओठांना तो परका घाम! मी शी-शी करत थुंकत राहिले आणि ती हसली, अगदी तिच्या आईसारखी खदखदून. पाच महिन्यांनी.

तुझा गुडघा कसा आहे? मी इतक्यात तिकडे परत येत नाही. माझं शिलाई मशीन धाकट्या वहिनीला दे, पुस्तकं समोरच्या मास्तरीणबाईंना. लोकरीची शाल तू वापर, ठेवणीत टाकू नकोस.

तुझीच,
छकुली