मखमलीवरची चार अक्षरं

२४ मार्च १९९८, सकाळचे सव्वासात. दुकान उघडून इस्त्री तापत ठेवली आहे.

प्रिय ताईला नमस्कार.

मी बरा आहे. क्वांगतोंगच्या कारखान्यातल्या धुरात तुझा खोकला कसा आहे?

ताई, पाणी आलं! बाबांनी गाव गोळा करून डोंगरातून काढलेल्या पाटाला गेल्या आठवड्यात पाणी आलं! आधी गढूळ, मग लख्ख. यंदा मका नाही, भात! वू आजी चपला काढून पाटातच उभी राहिली. "मला बाहेर ओढाल तर खबरदार!" म्हणाली.

गावाने बाबांना मानाची पताका द्यायची ठरवली आणि ती शिवायचं काम आमच्याच दुकानात आलं. शब्द मी निवडले, चारच अक्षरं, पण सगळ्यांत मोठी: फंगकोंग वेइची. विपुल कार्य, थोर पराक्रम. एकेक रेघ कोशात पाहून पडताळली. लाल मखमल, पिवळी अक्षरं, खाली झालर.

पताका उलगडली आणि शाळेचे मास्तर हसत सुटले. "अरे, हे देश उभारणाऱ्यांना म्हणतात, नाहीतर हुतात्म्यांच्या शिळेवर कोरतात!" मग बाबांकडे वळून, "काय लुओबुवा, जिवंत आहात ना?"

सगळं गाव हसलं. माझे कान तापले. बाबांच्या एवढ्या मोठ्या दिवसाचं मी हसं केलं होतं.

बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी पताकेची घडी घातली. "मास्तर बरोबर बोलतात. पोराने काम चोख केलंय, फक्त माणूस चुकला." आणि पाटाच्या कडेने वर चालू लागले. आम्ही सगळे मागोमाग.

जिथे दगड वाहताना दरड कोसळून आई गेली, तिथे ते थांबले. आजवरच्या एकाही पत्रात मी हे वाक्य लिहिलं नव्हतं, ताई. तूही त्यानंतर बाबांशी बोलली नाहीस. तिच्या थडग्याशी बांबू रोवून त्यांनी पताका टांगली.

"डोंगर हिने फोडला," ते म्हणाले. "मी नुसता मागे राहिलो."

मास्तरांनी टोपी काढली. खाली पाणी खळखळत होतं, इतकं की पुढचं कुणाचंच बोलणं ऐकू येईना!

तुला बोलाव, असं बाबा म्हणालेले नाहीत. काल जेवताना एवढंच विचारलं, "छिंगमिंगला, थडगी झाडायच्या दिवशी, तिकडच्या कारखान्यांना सुट्टी असते का रे?"

मी उद्या बांबूवर ताडपत्रीचं छप्पर बांधणार आहे. मखमल पावसात टिकत नाही. तिचा रंग उतरायच्या आत ये.

तुझा धाकटा,
च्येनशी