चार सलग शनिवार

१ जुलै, शनिवार
आणि खुर्च्या मांडणं म्हणजे नेतृत्व नव्हे, असं लिहिलंय कुठे? दाखवा. गेल्या शनिवारीही यावरून वाजलं, त्याच्या आधीच्याही. मी म्हणतो, गाइडच्या छोट्या मुलींचं पथक आम्ही दोघं चालवतो, दोन्या ग्रेत्तेल, म्हणजे ग्रेत्तेलबाई, आणि मी. बाई म्हणतात, यादेर, बाळा, पथक मी चालवते, तू हॉल उघडतोस. बरं. पण हॉल उघडलाच नाही, तर चौदा मुली पावसात उभ्या राहून कसली मूल्यं शिकणार?
हॉलच्या मागची खोली चर्चने मला फुकट दिलीय. बदल्यात चावी, झाडू, खुर्च्या. आठवडाभर बांधकामावर सिमेंट कालवतो. शनिवारी दोन ते चार मात्र मी नेता. माझ्या लेकीला, शोचिललाही फोनवर तसंच सांगितलंय. तीही तिकडे चिनान्देगात गाइडमध्ये जायला लागलीय. सात वर्षांची झाली. मी निकाराग्वा सोडून इथे कामाला आलो तेव्हा दोनची होती. निघालो तेव्हा झोपली होती, ते बरं झालं.
नेता आहे हे खोटं नाही. थोडं आधी सांगितलं, एवढंच.

८ जुलै, शनिवार, संध्याकाळ
मोठी बातमी. शोचिलचा दीक्षाविधी सत्तावीस ऑगस्टला. त्या दिवशी मुलगी वचन घेते आणि तिचा पाद्रिनो, म्हणजे मानलेला धर्मबाप, तिच्या गळ्यात स्कार्फ घालतो. पाद्रिनो मुलीने स्वतः निवडायचा. शोचिल म्हणाली, पापा, तू होशील? मी म्हटलं, वेडे, सख्खा बाप असताना मानलेला कशाला शोधायचा? ती म्हणाली, पण पाद्रिनोकडे स्वतःचा स्कार्फ लागतो, वचन घेऊन मिळालेला. तुझा आहे ना?
मी म्हटलं, आहे.
मग तिच्या आईने, मार्बेलीने, फोन घेतला. म्हणाली, पथकात तिला एवेलिओ नावाचा सायकलरिक्षावाला सोडतो, त्याच्या तीनचाकी सायकलवरून. मी विचारलं, भाडं किती घेतो? म्हणाली, घेत नाही, सुटेपर्यंत थांबतोही. मग दोन तास बाहेर काय करतो? म्हणाली, मुलींना गाठी बांधायला मदत करतो.
काही लोकांना उद्योगच नसतो.

९ जुलै
दोन्या ग्रेत्तेलना विचारलं. मोठ्या माणसालाही वचन घेता येतं! अट: चार शनिवार सलग, दोन ते चार, पूर्ण वेळ. दहा नियम पाठ. रोज एक सत्कृत्य. बाई म्हणाल्या, सलग म्हणजे सलग हं यादेर, तुझं मला माहितीय. काय माहितीय?
सव्वीसला चिनान्देगाची बस धरायची, म्हणजे एकोणीस ऑगस्टपर्यंत सहा शनिवार हातात. लागतात चार. दोन शिल्लक! इतका वेळ म्हणजे उलट कंटाळा येईल.
आजचं सत्कृत्य: मुकादमाला उलट बोललो नाही. (आज सुट्टी होती. पण मनातही बोललो नाही.)

१५ जुलै, शनिवार
पहिला शनिवार फत्ते. दोनला पाच कमी असताना हजर. राहतोच तिथे, पण तरी.
मुलींना गाठ शिकवली. आम्ही लोखंडी सळ्या तारेने बांधतो ती. फिओरेला नावाची आठ वर्षांची कार्टी आहे, जिभेला हाड नाही. म्हणाली, दोन यादेर (दोन म्हणजे साहेब, मान देऊन), ही रीफ गाठ नाहीये, ही कचऱ्याच्या पिशवीची गाठ आहे. सगळ्या हसल्या. मीही हसलो. नेत्याने हसायचं असतं.
नियम पहिला पाठ: गाइड विश्वासपात्र असते. सोपा आहे. उद्या दुसरा.

२२ जुलै, शनिवार
स्लॅब होता. अर्धा ओतून सोडता येतो का? हॉलवर पोचलो तेव्हा तीन चाळीस. चावी सकाळीच बाईंकडे देऊन गेलो होतो, म्हणजे एका अर्थी मी दोन वाजल्यापासून हजर होतो. हे बाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, चावी वचन घेणार असेल तर तिचा शनिवार धरते.
म्हणजे पुन्हा एकपासून. हरकत नाही. एकोणतीस, पाच, बारा, एकोणीस. बरोब्बर चार. शिल्लक एकही नाही, पण मला दडपण आलं की मी चांगलं काम करतो. शाळेतही असंच होतं. चौथीपर्यंत.

२९ जुलै, शनिवार
हजर. पूर्ण वेळ. शनिवार एक.
दुसरा नियम राहिलाय. पहिला एकदम पक्का आहे.

५ ऑगस्ट, शनिवार
शनिवार दोन! धो धो पाऊस, पत्र्याच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येईना. बाईंनी मुलींना खुणांनीच गाणं शिकवलं. मीही मागे उभा राहून हातवारे केले. फिओरेला म्हणाली, दोन यादेर माश्या मारतायत. जाताना मात्र डावा हात पुढे केला. गाइडमध्ये डाव्या हाताने हात मिळवतात. मी उजवा दिला, मग डावा दिला, मग दोन्ही. ती म्हणाली, जमेल हळूहळू.
शोचिलला फोन केला. एवेलिओच्या सायकलवर होती, वारा ऐकू येत होता. मी म्हटलं, पापा येतोय. ती म्हणाली, नक्की? तिच्यामागून एक पुरुषी आवाज म्हणाला, येईल गं, नीट धरून बस.
मला त्याच्या शिफारशीची गरज नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार, दुपारी १२
आमच्या निका, म्हणजे निकाराग्वाच्या, मजुरांच्या फुटबॉल टीमची सेमीफायनल. एक वाजता. गोलकीपर पाय मुरगळून पडलाय. मुलं म्हणाली, यादेर, फक्त फर्स्ट हाफ. पावणेदोनला सुटेन, धावत दोनला हॉलवर. चावी बाईंकडे दिलीय. टीमला संकटात मदत करणं हेही सत्कृत्यच. दहा नियमांत कुठेतरी असणारच.

तोच दिवस, ६ वाजता
सुरू व्हायलाच उशीर झाला. रेफ्री आला नव्हता. मग पेनल्टी. आम्ही जिंकलो. मी दोन अडवल्या.
हॉल झाडून झाला होता. खुर्च्याही कुणीतरी रचून ठेवल्या होत्या. नीट नव्हत्या रचल्या.

१३ ऑगस्ट, रविवार
शोचिलचा निरोप, बोलून पाठवलेला: पापा, तुझा स्कार्फ घातलेला फोटो पाठव. आमच्या बाईंना दाखवायचाय, म्हणजे त्या तुझं नाव यादीत लिहितील.
हॉलमध्ये खुर्चीवर एक स्कार्फ राहिला होता. ओला. मी तो इस्त्री केला, म्हणजे खरं तर सत्कृत्यच केलं. गळ्यात घातला. आरशात बघितलं. मी मुळातच नेत्यासारखा दिसतो.
फोटो पाठवला. एकोणीसला इथल्या बाईंना समजावेन, मग स्कार्फ मिळेल, मग हा फोटो खराच होईल. फोटो थोडा आधी काढला, एवढंच.

१४ ऑगस्ट
आधी मार्बेलीचा फोन. ओरडत होती. ही फिओरेला कोण? मी म्हटलं, कुठली फिओरेला? म्हणाली, जिचं नाव गळ्यात बांधून फिरतोस ती!
स्कार्फच्या टोकाला भरतकाम होतं. निळ्या दोऱ्याने. तिच्या आजीने केलं असणार. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
मी म्हटलं, अगं, आठ वर्षांची पोरगी आहे ती. मार्बेली हळू आवाजात म्हणाली, म्हणजे पोरीचा स्कार्फ. ओरडत होती तेच बरं होतं.
मग शोचिल आली. म्हणाली, पापा, मी वाचलं. टोकावर लिहिलंय, एफ, आय, ओ. सगळं वाचलं.
तिला वाचता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
ती म्हणाली, दुसऱ्याचा स्कार्फ घालत नाहीत पापा. मी म्हटलं, माहितीय. ती म्हणाली, मग? मी म्हटलं, इथे रेंज जातेय. रेंज चांगली होती.

१९ ऑगस्ट, शनिवार
दोन वाजता हजर. पूर्ण वेळ. (नोंद असावी.)
स्कार्फ घडी घालून फिओरेलाला दिला. तिने वास घेतला. म्हणाली, सिमेंटचा येतोय. मी खरं सांगितलं, का घेतला ते. मला वाटलं, आता टोमणा. तिने विचारलं, तुमच्या मुलीचं नाव काय? सांगितलं. म्हणाली, ती रडली का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग जास्त लागलं असेल.
दोन्या ग्रेत्तेलना म्हटलं, चार शनिवार झालेत, सलग नसले तरी. यावेळी सूट द्या, पुढचे दहा शनिवार भरून देतो. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, बाळा, मी तुला आज स्कार्फ दिला, तर तू तिच्या गळ्यात काय घालणार आहेस? मी म्हटलं, स्कार्फ. त्या वळून खुर्च्या रचायला लागल्या. बाईंना कधीकधी साधं उत्तर कळत नाही.

२० ऑगस्ट, रविवार
मार्बेलीने सांगितलं. या वेळी आवाज चढवला नाही. एवेलिओने काल वचन घेतलं, मोठ्यांबरोबर. एप्रिलपासून एकही शनिवार चुकवला नव्हता, तिथल्या बाईच म्हणाल्या, तुम्ही घेऊन टाका. दहाही नियम न अडखळता. मी म्हटलं, पाठांतर काय, पोपटही करतो. ती म्हणाली, यादेर.
फक्त एवढंच. यादेर.
पाद्रिनो शोचिलने स्वतः निवडलाय. नियमच आहे तसा.

२७ ऑगस्ट, रविवार
गेलो नाही. बसला अठरा तास लागतात, शिवाय सोमवारी काम.
दुपारी फोटो आला. शोचिल ताठ उभी, तीन बोटं वर. एवेलिओ वाकून स्कार्फ घालतोय. दाढी केलीय, शर्टाची वरची गुंडीही लावलीय. मला वाटलं होतं म्हातारा असेल. माझ्याच वयाचा आहे. स्कार्फ तिरका बसलाय, असं लिहिणार होतो. मोठा करून बघितला. सरळ आहे.
फोटोखाली तिने स्वतः टाइप केलंय: पापा पुढच्या महिन्यात कॅम्प आहे त्याला बूट लागतात एवेलिओ घेणार होता मी म्हटलं बूट पापा घेईल.
चार वेळा वाचलं. लगेच फोन केला. मार्बेलीने उचलला. मी विचारलं, माप काय तिच्या पायाचं? ती म्हणाली, तूच सांग. आणि वाट बघत राहिली.
मी निघालो तेव्हा तिची दोन्ही पावलं माझ्या एका तळहातात मावायची. त्यावरून हिशोब लागत नाही.
म्हटलं, एकतीस. म्हटलं, किंवा तेहतीस. मग मीच फोन ठेवला.
उद्या जेवणाच्या सुट्टीत पैसे पाठवतो. दोन मापांचे दोन जोड येतील, एक तरी बसेल: पंचवीस हजार कोलोनेस.