स्मशानाचा पहिला मान

३ मे १९८७

झाली एकदाची शेड! वर पत्रे, खाली काँक्रीटचा ओटा, ओट्यावर लोखंडी जाळी. आज रहिवासी मंडळाच्या बैठकीत पेढे वाटले. स्मशानाच्या शेडचे पेढे! कुणाच्या लक्षातच आलं नाही. मीसुद्धा दोन खाल्ले.

नागोरावांना अध्यक्ष झाल्यापासून भाषणाची भारी खुमखुमी. म्हणाले, बोईसरला आपण दिवे आणले, गटारं आणली, कचऱ्याचे डबे आणले, आता मेल्यानंतरचीही सोय केली. टाळ्या. मला काही टाळी वाजवता आली नाही. हे गेले तो जुलै आठवला. भर पावसात ह्यांना ट्रकमध्ये घालून माणसं ह्या गावातून त्या गावात हिंडली. कुणी दुष्ट नव्हतं. पण प्रत्येक स्मशान त्या त्या गावकीचं, लाकडं त्यांनी साठवलेली. तुम्ही कॉलनीवाले, तुमची जागा कुठली, एवढंच सगळ्यांनी विचारलं. आमची जागा कुठलीच नव्हती. शेवटी पालघरला नेलं. सासूबाई दारात बसून एकच म्हणत होत्या — माझा मुलगा भिजतोय.

तेव्हापासून मी ह्या मंडळाची चिटणीस. उगीच नाही.

घरी येऊन सासूबाईंना पेढा दिला. कशाचा म्हणून विचारलं, सांगितलं. त्यांनी पेढा परत बशीत ठेवला.

१० मे

उद्घाटनाचं घोडं अडलंय. नागोराव एका पुढाऱ्यांना भेटून आले. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं — शाळा सांगा, नळ सांगा, बालवाडी सांगा, कात्री घेऊन येतो; हे मात्र नको. दुसऱ्यांनी तर चहासुद्धा पाजला नाही.

मी म्हटलं, अहो, स्मशानाला फीत कशाला हवी? तर म्हणे, मग ते चालू झालं हे लोकांना कळणार कसं! आता ह्यावर काय बोलणार, कप्पाळ?

सासूबाई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होत्या. नागोराव गेल्यावर म्हणाल्या, "फीत कापल्यावर आत कोण जाणार, ते ठरलंय का?"

२४ मे

शेजारच्या सालवडला एक कामगार गेला. बिहारकडचा, तरुण. आणि मला काय वाटलं ते इथंच लिहिते, दुसरीकडं बोलण्यासारखं नाही. वाटलं — चला, शेड चालू होईल! मग माझीच मला किळस आली.

तरी गेलेच. नागोराव आणि मी. त्याच्या मेहुण्यानं हात जोडले. "पहला हमारा नहीं होगा, भाभीजी. आप बुरा मत मानिए." नव्या स्मशानात जो पहिला जातो तो घरातलं आणखी एक बोलावून घेतो, अशी समजूत. बिहारात आहे, आमच्याकडं आहे, सगळीकडं आहे! मी त्याला काय समजावणार? मलाच आतून पटत होतं.

पुन्हा ट्रक, पुन्हा पालघर. आमच्या शेडवरूनच गेला ट्रक.

३१ मे

सभासदांकडं घरोघर जाऊन आले. स्मशान सगळ्यांना हवंय. पहिलं कुणालाच व्हायचं नाही.

७ जून

ज्या कारखानदारांनी पत्रे दिले — आम्ही त्यांना पत्रेवाले शेटजी म्हणतो — ते आज बैठकीला आले. शेड वापरात नसेल तर पत्रे काढून नेतो, माझं गोदाम गळतंय, म्हणाले. गणपतीपर्यंत थांबतील. इतकी वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते ह्यांच्या गोदामासाठी!

एक सभासद हळूच म्हणाले, पोलिसांकडून एखादं बेवारस मिळालं तर? मग नागोराव म्हणाले, सूचना विचार करण्यासारखी आहे. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, हे मी लिहिणार नाही, तुम्ही लिहा. विषय तिथंच थांबला.

वर आणखी एक कळलं. शेडमध्ये माणसं राहतायत! दोन बायका, आदिवासी. नागोराव म्हणाले, बायका आहेत, तर चिटणीसबाईंनीच जाऊन सांगावं. आठ दिवसांत हलल्या नाहीत तर पोलीस. वा! बायका तिथं जात नाहीत म्हणून ती जागा मला आजवर कुणी दाखवली नाही. आता हाकलायचं म्हटल्यावर माझी आठवण झाली.

९ जून

जाऊन आले. आंघोळ केली, तरी ते डोळ्यांपुढून हलत नाही.

ओट्याच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल. लोखंडी जाळीवर — माणूस जाळायच्या जाळीवर — लुगडं वाळत घातलेलं. नवसी पेज ढवळत होती. तिची सून ठमी भिंतीला टेकून बसलेली, पोट एवढं पुढं आलेलं. मला बघून उठायला लागली तर नवसीनं हातानंच खाली बसवलं.

कळलं ते असं. ही शेड बांधायला जव्हारकडून आले ते हेच लोक! नवसी, तिचा मुलगा जिवल्या आणि ठमी. काम संपलं, ठेकेदार निघून गेला, हे राहिले. पाऊस जवळ आला तेव्हा जिवल्या आवणीसाठी वर डोंगरात गेला. भात लावलं नाही तर वर्षभर खाणार काय? ठमीला मात्र दवाखान्यात सांगितलंय, चालायचं नाही, गाडीत बसायचं नाही, रक्त जातंय. म्हणून सासू तिच्यापाशी थांबली.

ही जागा कसली आहे ठाऊक आहे का, विचारलं. नवसी म्हणाली, "ठावं हाय. आमीच बांदली नं. अजून कोन जळला नाय, मंग घरच हाय." मग म्हणाली, "पोर मोकळी झाली का जाऊ, बाय."

मी ज्यासाठी गेले होते त्यातलं एक अक्षर बोलले नाही. पिशवीत वाण्याकडून घेतलेला गूळ होता, तो ठेवून आले.

१० जून

त्यांना घरी आणावं म्हणून घरमालकांना विचारलं. स्मशानात राहिलेली माणसं चाळीत नकोत, म्हणाले. आणलीत तर तुम्हीही दुसरी जागा बघा. घरात आजारी सासू, कुठं बघू मी दुसरी जागा? पोरीची सोय लावावी तर छप्पर नाही, आणि ज्या छपराखाली ती आहे त्याच्यासाठी मीच आयुष्य घातलंय. हसावं का रडावं!

नर्सबाईंना तेवढं पाठवलं.

१४ जून

नागोराव मोसंबी घेऊन आले. सासूबाईंच्या प्रकृतीची चौकशी! आजवर कधी नाही ती. कशा आहेत, जेवण जातं का, डॉक्टर काय म्हणाले. ऐंशीच्या पुढच्या आहेत, गेल्या दिवाळीपासून अंथरुणाला आहेत, सगळ्या कॉलनीला माहीत आहे. नजर मला कळत नाही होय? अंगाची लाही लाही झाली. पण बोलणार कोणत्या तोंडानं? सालवडला मीही तसंच बघितलं होतं.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, मोसंबी गोड आहे, पण अध्यक्षांना सांग, पुढल्या वेळी आंबे आणा, मग विचार करते. मी हसले नाही. त्याच हसल्या आणि खोकल्या.

१५ जून

आज आणखी दोन सभासदांच्या बायका भेटायला आल्या. एकीनं चिकू आणले.

२१ जून

बैठकीत मी अडून बसले. बाळंत होईपर्यंत त्या बायकांना हात लावायचा नाही, म्हटलं. माझ्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. रविवारी पोलीस घेऊन जायचं ठरलं. आपणच उभं केलेलं मंडळ, आणि आपलंच ऐकत नाही! राजीनामा द्यावा असं फार मनात आलं. त्यानं ठमीला काय मिळणार? दिला नाही.

घरी येऊन भांडी आदळली. सासूबाईंनी विचारलं, कुणाचा राग भांड्यांवर? सगळं सांगितलं. ठमी, जाळी, जाळीवरचं लुगडं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नेहमीसारखी माझ्या भाजीतल्या मिठाला नावं ठेवली. एकवीस वर्षं मिठाला नावं ठेवतायत!

२२ जून

सासूबाईंनी आज नागोरावांना बोलावून घेतलं. मी चहा ठेवायला गेले तर मला म्हणाल्या, तू पण ऐक, तूच लिहून ठेवतेस सगळं.

उशीला टेकवून बसवलं. दम लागत होता. तरी एकेक शब्द नीट बोलल्या. "पहिली मी जाते. माझं कुणाला बोलवायचं राहिलेलं नाही. मुलगा आधीच गेलाय. पण ती पोर मोकळी होईपर्यंत तिथं कुणी पाऊल टाकायचं नाही. माझ्या धुरात लेकरू जन्मायला नको."

नागोराव खाली मान घालून बसले. "असं काय बोलता, आजी," म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, कबूल आहे का तेवढं सांगा. ते कबूल म्हणाले आणि चहा न घेता उठले.

मी स्वयंपाकघरात येऊन ओट्यापाशी उभी राहिले. मला राग आला होता. माझं कुणी राहिलेलं नाही म्हणे! मग मी कोण आहे?

२८ जून

पोलीस गेले नाहीत. मंडळात आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. नागोरावांनी आंबे पाठवले. स्वतः आले नाहीत.

१२ जुलै

धो धो पाऊस. शेडवर जाऊन आले. एक पत्रा वाजतो, बाकी कोरडं आहे. नवसीनं विचारलं, म्हातारी कशी हाय? तिला कुणी सांगितलं कोण जाणे. सांगताना मला तिच्याकडं बघवेना. तिनं ठमीच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "उशीर हाय अजून." कुणासाठी म्हणाली ते विचारलं नाही.

१९ जुलै

सासूबाईंचं जेवण सुटलं. भाताची पेज दोन चमचे, तीही माझ्या समाधानासाठी. पाठ सोलून निघालीये. कूस बदलताना ओरडत नाहीत, फक्त माझं मनगट धरतात. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न — झाली का ती मोकळी?

नाही म्हटलं की मान हलवतात. जणू दुधवाला अजून आला नाही!

२६ जुलै

श्रावण लागला. डॉक्टर म्हणाले, ह्यांनी कशावर तग धरलाय मला कळत नाही. मला कळतं. पण डॉक्टरांना काय सांगू!

२९ जुलै

आज म्हणाल्या, थकले गं. एवढंच. मी जवळ बसून राहिले. देवाला काय मागू? ठमी लवकर सुटावी म्हणून मागावं तर ह्या जातात. ह्या राहाव्यात म्हणून मागावं तर ते ठमीचं अडणं मागितल्यासारखं होतं, आणि ह्यांचे हालही. दिवा लावला आणि काही न मागता उठले.

२ ऑगस्ट

दुपारी त्यांना पुसून काढत होते. एकदम म्हणाल्या, "तुझ्या भाजीत मीठ बरोबर असायचं." मी विचारलं, मग एवढी वर्षं? तर म्हणाल्या, "काहीतरी बोलायला नको?"

मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

६ ऑगस्ट

नागोराव दारापर्यंत आले. लाकडं आणून ठेवू का, विचारत होते. पावसात मिळत नाहीत म्हणून. बरोबरच आहे त्यांचं. ठेवा म्हटलं. शेडमध्ये नको म्हटलं, तिथं माणसं आहेत.

९ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

नवसी सकाळी दारात आली. आत आली नाही. ठमी मोकळी झाली, मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत. जिवल्या आला की निघतील.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं? झाली का ती मोकळी?"

मी म्हटलं, "नाही, आई. अजून नाही. थांबा जरा."