रुळांच्या वाटेवरचा म्हसोबा

फेब्रुवारी, मंगळवार. सकाळच्या एसटीने बारामतीहून इंदापूरच्या बाजूला, आपल्या रानात आले. उसाला पाणी दिलं, बांधावर भाकरी खाल्ली. परत निघणार, तोच रुळांच्या वाटेवर मोजणीची माणसं दिसली.

तात्या, तुमच्या लाईनीवर आता चालायचा आणि सायकलींचा रस्ता होतोय. कारखान्याची ऊस ओढणारी छोटी गाडी बंद पडली, रूळ भंगारात गेले, रुळांखालचे लाकडी स्लीपर लोकांच्या गोठ्यांना लागले. आपल्याही गोठ्याची चौकट त्यांचीच आहे. उरली होती खडी आणि वेड्या बाभळी. त्या काढून खालच्या गावापर्यंत मुरूम दाबून झालाय, कडेला बाकं बसवलीत. पोरी सायकलवर शाळेत जातात. डांबरीवर उसाच्या ट्रॅक्टरांमधून जाण्यापेक्षा ते बरं, हे मला कळतं. तरी विश्वास बसत नाही. बाकांच्या मागोमाग जमिनीचा भाव विचारणारे आले; दोघे तर मला बांधावर गाठून गेले. शेजारचे आबा म्हणाले, "ताई, आमी दिवसभर रानात चालायचं, आन् सांजच्याला परत चालायला रस्ता? ह्यात कायतरी हाय बघा."

आज ते कळलं. मोजणीवाला साहेब म्हणाला, "दोन्ही बाजूंनी जाळी येणार. जनावरं मध्ये यायला नकोत." मी विचारलं, "आणि आमची वहिवाट? लाईन ओलांडूनच रानात जावं लागतं. ऊस कुठून काढायचा?" "पुलावरून वळसा घ्या ना, मॅडम." पुलापासून पुढचं रान दुसऱ्यांचं, ते कशाला वाट देतील? ऊस बाहेर निघाला नाही की रान विकावंच लागतं. भाव विचारणाऱ्यांना हे आधीच ठाऊक होतं, असं मला वाटतं.

तेवढ्यात फीत धरणारा गडी थांबला आणि त्याने पायातली चप्पल काढली. "सायेब, हितं जाळी न्हाय बसायची. म्हसोबा हाय." साहेबाने वाटेकडेच्या शेंदरी दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं, देवाजवळ गाडीवाटेएवढं मोकळं सोडा," तो म्हणाला.

मला आठवतं, मी चौथीत आहे. तुम्ही गँगमन, लाईनीचे रूळ सांभाळणारे. लाईनीच्या ढकलगाडीवरून ओढ्यातला काळा दगड आणताय आणि मी मागे पाय सोडून बसलेय. कारखाना आपली वाट बंद करणार, अशी कुणकुण तुम्हाला लागली होती. वाटेच्या कडेला दगड पुरून तुम्ही तेल-शेंदूर लावता. "तात्या, ह्यो कंचा देव?" "गप. माझं सायेब ऐकत न्हाय, ह्याचं ऐकंल." घरी तुमची शेंदरी बोटं बघून आई म्हणाली, "आता देवबी रोजंदारीवर ठिवला व्हय?" पुढच्या हंगामात पहिली गाडी तिथे थांबली. ड्रायव्हरने दगडापुढे ऊस ठेवला, नारळ फोडला. मग सगळेच फोडू लागले. आपली वाट कुणी बंद केली नाही.

मला शंका आहे ती वेगळीच. गाडी बंद पडली, साहेब गेले, वाटेला धोका राहिला नाही. तरी शेवटपर्यंत दर अमावस्येला तुम्ही तेल घेऊन जात होता. बघायलाही तिथे कुणी नसायचं. मी कधी विचारलं नाही.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, घरातही नाही. एकाला कळलं तर जाळी येईल.

माणसं गेल्यावर मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून तेलाची बाटली आणली. लाईनीवर दोन्हीकडे नजर टाकली. चिटपाखरू नव्हतं. तरी मी चप्पल काढली, आणि मगच तेल ओतलं.