भर बाजारातली शिट्टी

दादा,

"हा समाज काही सुधारायचा नाही," असं म्हणून तू परदेशी निघून गेलास. तो राग माझ्या मनात अजून आहे. आता ऐक.

मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते, त्या बाईंच्या नव्या कुकरची शिट्टी होईना. मी तो दुकानात नेला, मालकाने मुकाट्याने बदलून दिला. पुढे माझा स्वतःचा, तिथूनच घेतलेला, तसाच बिघडलेला कुकर नेला, तर म्हणतो, "तुम्हा लोकांना वापरता येत नाही." अरे, बाईंचा कुकर काय बाई लावतात?

माझं डोकंच फिरलं. गल्लीतल्या सगळ्या जणी त्याच्याकडूनच घेतलेले बिघडलेले कुकर घेऊन गेलो आणि त्याच्या दारातच शेगडी पेटवली. एकाचीही शिट्टी होईना. गिऱ्हाइकं जमून हसू लागली. मी म्हटलं, "मालक, आता तुम्ही लावून दाखवा. नाहीतर हेच कुकर ग्राहक मंचापुढे मांडू." घाम पुसत त्याने सगळे बदलून दिले.

आता तो प्रत्येक कुकर दुकानातच लावून दाखवतो, बंगलेवाल्यांना आणि आम्हालाही.

हे पत्र मी पाठवत नाही. त्यापेक्षा उद्या त्या दुकानाच्या दारात उभी राहून तुला फोन लावते. ही हकिकत सांगून झाली की फोन कुकरजवळ धरेन. तू फक्त शिट्टी ऐक.

तुझी भांडकुदळ धाकटी