सातव्या वळणावर खडूने

८ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

नानांचं अर्धवट राहिलेलं चाक पुरं करायला स्पोक आणायला निघालो होतो, हे खरं. वाटेत एका टेम्पोत तंबू, पातेली आणि सहा माणसं कोंबलेली दिसली. घाटात मोठी सायकल शर्यत बघायला चाललोय, म्हणाले. एक जागा होती. बसलो. पायाला भिंगरी आहे, हे तूच म्हणतेस. फोन टेम्पोतच विसरला, टेम्पो आम्हाला सोडून परत गेला, म्हणून पत्र.

सातव्या वळणावर तंबू ठोकलाय. एक खुंटी कमी होती, तिथे माझा बूट बांधलाय. शेजारचा सुतार झोपेतसुद्धा फळ्या कापतो असा घोरतो... ते जाऊ दे, मुद्दा राहिलाच. लोक इथे आवडत्या सायकलपटूंची नावं रस्त्यावर खडूने लिहितात. हेलिकॉप्टरमधून ती टीव्हीवर दिसतात. मी ‘नाना’ लिहिणार, हत्तीएवढं! चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या वाकड्या चाकांचा आऊट काढून ती सरळ केली, त्यांचं नाव कुणी लिहिलं?

मागे दुकान सोडून गेलो म्हणून ते रुसले, आणि मग अर्धांगाच्या झटक्याने वाचाच गेली. रविवारी तीनला त्यांना टीव्हीपुढे बसव. नाव बघून हात जरी हलवला, तर परत येऊन दुकान उघडतो. नाहीतर मी लांबच बरा. उत्तर घाटाखालच्या पोस्टाच्या पत्त्यावर टाक, तोवर इथेच आहे.

तुझ्या शिव्यांना आचवलेला,
धाकटा

१५ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

रविवारी उशा लावून नानांना बसवलं. आत्याही होती. वळण दिसलं, आणि रस्त्यावर तुझं हत्तीएवढं ‘नाना’. त्यांनी उजवा हात उचलला. नुसता हलवला नाही, चाक फिरवतात तसा फिरवला. झालं ना तुझं समाधान?

पुढचं लिहवत नाही. मंगळवारी पहाटे नाना झोपेतच गेले. तुला गाठायचं कसं? थांबता आलं नाही. जाताना दुकानासमोर क्षणभर थांबवलं त्यांना, पण किल्ली तुझ्या खिशात. बंद दारावरूनच पुढे नेलं.

सांभाळून ये.

ताई

१९ जुलै

ताई,

पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं.

मी नाव लिहिलंच नाही गं. खडू घेऊन निघालो, तर एका म्हाताऱ्याच्या सायकलचं चाक डुगडुगत होतं. म्हटलं, पाच मिनिटं. नानांनी शिकवलं तसं एकेका स्पोकला कान लावत आऊट काढत बसलो. मान वर केली तोवर सगळा तांडा सुर्रकन वळणापार. अर्ध्या मिनिटाचा खेळ. खडू अजून खिशात आहे, किल्लीजवळ.

मग नानांनी काय पाहिलं? मला समजूत नको. तो हात उचलला होता की नाही, तेवढं सांग.

धाकटा

२३ जुलै

चि. धाकट्यास,

रस्त्यावर कुणा भलत्याचंच नाव होतं. झटक्यानंतर नानांना दिसतही नव्हतं. तुला ते सांगितलं असतं तर तू आणखी लांब पळाला असतास. धाकट्याने तुमचं नाव लिहिलंय, असं मीच मोठ्याने वाचून दाखवलं. हात मात्र त्यांनी उचलला. आत्याला विचार.

काल घरमालक दुकानाचं कुलूप तोडायला आला होता. मी तोडू दिलं नाही. आत चाक तसंच आहे.

किल्ली घेऊन ये.

वाट बघणारी,
ताई