टाचणातला पहिला प्रश्न

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्यावर रागावलं तरी चालेल असं वाटतं. आणि मला राग आहे. काल निगडीला नव्या शिक्षकांचं शिबिर होतं. शिकवता शिकवता मुलांचं मन कसं सांभाळायचं, असा विषय. सगळ्यांत म्हातारी म्हणून मला पुढं बसवलं, आणि मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, तुम्ही सांगायचात तश्शी. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मात्र हे पत्र लिहायला बसले.

स्वातंत्र्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. मी शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात तुमच्या हाताखाली, परीक्षेचा शेवटचा पाठ, चाकणजवळच्या खेड्यातली शाळा, विषय विहिरीच्या पाण्याचा. माझ्या पाठाच्या टाचणात डावीकडे प्रश्न, उजवीकडे अपेक्षित उत्तर, खाली तुमची लाल सही. तुम्ही मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसलाय, मांडीवर वही. मी पहिला प्रश्न विचारते, "तुमच्या घरी पाणी कोण भरतं?" "आई," सगळा वर्ग ओरडतो. तिसऱ्या ओळीतली एक मुलगी तेवढी गप्प. विचारलेल्याचं उत्तर काढून घ्यायचंच, ही आमची शिस्त. नाही आलं तर गुण जायचे. मी तिला उभं केलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज चढला होता. शेजारची पोर हळूच म्हणाली, "बाई, तिची आई न्हाई. हिरीत पडून मेली." मी खडू धरून उभी, आणि ती मुलगी दारातून बाहेर पळाली.

माझ्याआधी तुम्ही हललात. "विहीर कुठंय?" एवढंच शाळेच्या गुरुजींना विचारलंत. गुरुजी पुढं, त्यांच्या मागून कांद्याच्या वाफ्यांतून आपण पळतोय, तुमच्या वहाणा मागंच कुठं तरी राहिल्यात, मला रडू येतंय आणि तुम्ही एकदाही वळून बघत नाही. ती विहिरीच्या काठावर बसली होती, पाय आत सोडून. मी हाक मारणार, तोच तुम्ही माझं मनगट असं आवळलंत की बांगडी फुटली. मग एकट्याच सावकाश चालत गेलात आणि तिच्यापासून हातभर अंतरावर टेकलात. "पाय भाजले गं माझे. बसते जरा इथं." तुम्ही तळव्यातले काटे काढत बसलात. मग पाण्याकडं बघतच ती म्हणाली, "पाणी मीच भरते." "जड होत असेल," तुम्ही म्हणालात. "व्हय," म्हणाली आणि हमसून रडायला लागली. तेव्हा कुठं तुम्ही तिला जवळ ओढलंत.

तिचा बाप धावत आला, तर तुम्ही हात जोडून त्याच्यापुढं उभ्या. "चूक माझी. टाचण मी तपासलं होतं. या पोरीला काय ठाऊक?" ही पोरगी म्हणजे मी. तो म्हणाला, "पोर गावली बाई, आता कुनाला काय बोलू." पुढं तुम्ही कॉलेजात नियमच करून टाकलात: पाठाच्या आधी गावात जायचं, मुलांच्या ओट्यावर बसायचं, घरात काय घडलंय ते ऐकायचं, मगच टाचणाला हात लावायचा. दर नव्या तुकडीला ही गोष्ट सांगायचात, स्वतःची चूक म्हणून. त्यापायी बढती अडली, तरी सांगायचात. मला राग येतो तो याचाच. तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतंत. विचारलं असतंत तर मी बोलले असते. कसली बोलते म्हणा.

त्या सकाळी पाण्याचा तांब्या पुढं करताना गुरुजी मला म्हणाले होते, "तिसऱ्या ओळीतल्या पोरीची आई दिवाळीच्या आधी विहिरीत गेली. तेवढं सांभाळून घ्या." मी "बरं" म्हटलं. पण टाचणावर तुमची सही झाली होती, खाडाखोड केली तर गुण कापले गेले असते, आणि वाटलं, एका मुलीनं काय होतंय. विहिरीवर गुरुजी माझ्याकडं बघत राहिले, बोलले मात्र नाहीत. बाई, तुम्ही हयात असतात तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं. कालसुद्धा माईकवर मी सांगितलंच, की आम्हा दोघींनाही काही ठाऊक नव्हतं.